न्हाणीची कडी आणि सतराचा पाढा

माझ्या माहेरी, बेलापूरला, न्हाणीच्या दाराला आतून कडी होती. मी सातवीत असताना आईने ती काढून टाकली आणि तेव्हापासून माझ्या मनात एकच हट्ट घर करून राहिला. कधीतरी आतून कडी लावायची आणि तोंड मिटून, अगदी गप्प, मनसोक्त अंघोळ करायची. लोकांना विमानात बसायचं असतं, काशीला जायचं असतं. मला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं.

कारण सांगते. सातवीत शाळेच्या पटांगणात प्रार्थना चालू असताना मी आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा एका नाकपुडीशी फोडलेला कांदा होता आणि दुसरीशी कुणाची तरी चप्पल. कांद्याचं मी एक वेळ समजू शकते, पण ती चप्पल भर पावसाळ्यातली होती. गावाने त्याला फेफरं म्हटलं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी फिट म्हटलं आणि गोळी सुरू करून दिली. वर आईला बजावलं, हिला विहिरीवर पाठवू नका, सायकल देऊ नका, चुलीपुढे एकटी बसवू नका आणि न्हाणीला आतून कडी लावू देऊ नका. पहिल्या तिन्हींचं मला काही वाटलं नाही. विहिरीची मला भीतीच होती, सायकल आमच्याकडे नव्हती आणि चुलीपासून सुटका झाली तर कुणाला नकोय? पण कडी म्हटल्यावर मी रडले. त्या वयाच्या मुलीला भरल्या घरात स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक जागा असते.

माझ्या रडण्याचा आईवर काही परिणाम झाला नाही. त्याच संध्याकाळी तिने पेचकस घेऊन कडी काढली आणि स्क्रूची भोकं साबणाने बुजवली.

“आता आतून आवाज देत ऱ्हायचा,” ती म्हणाली. “आवाज थांबला की मी आत येनार.”

“कसला आवाज?”

“गानं म्हन.”

मला गाणं येत नाही हे लवकरच सगळ्या आळीला कळलं. पोरीचं पोट दुखतंय का, म्हणून शेजारीण चौकशीला आली. मग आईने दुसरा तोडगा काढला. “पाढे म्हन. आवाज बी यील अन् अभ्यास बी हुईल.”

तशी मी रोज सकाळी न्हाणीत पाढे म्हणू लागले. आई चौथीपर्यंतच शिकलेली, पण तिचे तिसापर्यंतचे पाढे खणखणीत पाठ होते. अंगण झाडता झाडता ती ऐकायची. बेपासून सोळापर्यंत सगळं सुरळीत चालायचं. सतराच्या पाढ्यात मात्र माझी गाडी हमखास अडायची. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक... आणि पुढचं काही केल्या आठवायचं नाही. तांब्या डोक्यावर धरून मी आठवत बसायची, तेवढ्यात दार धाडकन उघडायचं आणि हातात खराटा घेतलेली आई समोर उभी!

“काय झालं गं?”

“काही नाही. चोक आठवेना.”

“अडुसष्ट!” असं ओरडून ती दार ओढून घ्यायची. हे इतक्या वेळा झालं की अडुसष्ट म्हटलं की आजही माझ्या ओल्या अंगावर गार वारा आल्यासारखं होतं.

माझ्या लग्नाच्या वेळी आईने कुठल्याच स्थळापासून फिट लपवली नाही. त्यामुळे बरीच स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच. शेवटी शनिशिंगणापूरचं स्थळ आलं. मंदिराच्या वाटेवर त्यांचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल होतं. आईने नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं, आणि शेवटी जरा चाचरतच म्हणाली, “न्हाणीला आतून कडी लावू देता येत न्हाई तिला.”

त्यावर होणाऱ्या सासूबाई मोठ्याने हसल्या. “अवो, आमच्या गावात घराला दार न्हाई, तिथं न्हाणीच्या कडीचं काय घिऊन बसलात!”

खरंच होतं ते. आमच्या त्या घराला चौकट आहे, पण तिला दार नाही. पडदा असतो आणि रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवतात. न्हाणीला पत्रा टेकवायचा. कुणाकडे जायचं झालं तर बाहेरूनच हाक मारायची, आतून ओ आली की मग पडदा बाजूला करायचा. दर्शनाला आलेल्या शहरी लोकांना याचं फार नवल वाटतं, फोटो काढत बसतात. मला मात्र तिथे पहिल्या दिवसापासून हायसं वाटलं. बेलापूरला सगळ्या मुलींना कडी होती आणि मला एकटीला नव्हती. इथे कुणालाच नव्हती.

पहिल्या सकाळी सवयीने मी पाढे सुरू केले. सासरे बाहेर चहा पीत बसले होते. त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, “सून मास्तरीन हाय व्हय रं? बोलला न्हाईस.” पुढे सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं. ह्यांचं तर घड्याळच झालं. बाराचा पाढा संपला की नेवाशाची एसटी यायची वेळ झाली, असं म्हणून हे शर्ट चढवायचे. आमची मुलगी त्या पत्र्याबाहेर खेळता खेळता पाढे शिकली, आणि तीही सतरा चोकला अडते. माझा वारसा म्हणायचा तर हा एवढाच.

लग्नानंतर सुरुवातीला एकदा फिट आली, ती शेवटची. गोळी मात्र चालूच होती. मुलीच्या जन्मानंतर माझं अंग सुजल्यासारखं झालं, केस गळायला लागले, चहा उकळता उकळता डोळे मिटायचे. नेवाशाच्या डॉक्टरांनी तपासून थायरॉईड कमी पडतंय असं सांगितलं आणि त्याची गोळी दिली. ती वाढवत वाढवत बरीच वर न्यावी लागली. डॉक्टर एकदा हसत म्हणाले, “ताई, तुमच्या अंगकाठीला एवढी मात्रा लागायला नको खरं तर.” पण तपासणीत ती मात्रा बरोबर बसत होती, म्हणून तीच राहिली. सकाळी उठून, तोंड धुऊन, चहाच्या आधी ती घ्यायची. तिची मला इतकी सवय झाली की ती औषध आहे हेच मी विसरले.

मग तो दिवस आला. लग्नानंतर मी ज्यांना दाखवायची ते नगरचे फिटचे डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं फिट नाही, आता गोळी हळूहळू कमी करून बंद करून बघू. त्यांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी बेधडक सांगितलं, नाही. आमच्याकडे औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. थायरॉईडची गोळी माझ्या हिशेबी दात घासण्याच्या रांगेत होती. डॉक्टरांनी मात्रा कशी उतरवायची ते समजावलं आणि बोट वर करून म्हणाले, “मनाने थांबवायची नाही, आणि पुढे काही वाटलं तर मनाने सुरूही करायची नाही. मला विचारायचं.”

“डॉक्टर, मग मला कडी लावता येईल?”

बहुतेक माणसं गाडी चालवण्याचं विचारत असावीत. ते जरा गोंधळले. मी न्हाणीचं सगळं सांगितल्यावर म्हणाले, “गोळी पूर्ण बंद झाल्यावर एक वर्ष नीट जाऊ द्या. त्यात फिट आली नाही, तर खुशाल लावा.”

त्या दिवशी एसटीत मी खिडकीशी बसून उगाच हसत होते. हे म्हणाले, “आता तू फिट. म्हणजे फिटशिवाय फिट.” असले विनोद हे हॉटेलातल्या गिऱ्हाइकांवरही करतात.

गोळी उतरत उतरत उन्हाळ्याच्या तोंडाशी पूर्ण बंद झाली. पहिल्यांदा तर माझं डोकं इतकं हलकं झालं की मला वाटलं, एवढी वर्षं मी गोधडीतूनच जग ऐकत होते की काय. महिना बरा गेला. मग मात्र बसल्या जागी छाती धडधडायला लागली. हात थरथरायला लागले, इतके की बशीत कप ठेवला की वाजायचा. भूक सारखी लागायची आणि तरी ब्लाउज सैल व्हायला लागले. घाम तर विचारू नका. आणि राग! एका भाविकाने चहात साखर कमी आहे म्हटलं, तर मी साखरेचा डबाच त्याच्यापुढे आपटला.

घरात सगळे माझ्या हातांकडे बघत होते, तसे तर मीही बघत होते. थरथर म्हटली की आमच्या घरात दुसरा अर्थच नव्हता. एका दुपारी ह्यांनी फडताळातल्या डब्यातून फिटच्या गोळ्यांची उरलेली पट्टी काढली आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली.

“घे. उगाच परीक्षा बघायची नाही. जीव महत्त्वाचा.”

“डॉक्टरांनी मनाने सुरू करायची नाही म्हणून सांगितलंय.”

“डॉक्टर नगरला आहेत. पडलीस तर उचलायला मी आहे.”

ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त लागलं. मी रडत रडत सांगितलं, मला पडायची भीती नाही वाटत, मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू व्हायची भीती वाटते. वर्ष पुरं व्हायच्या आधीच माझी कडी गेली, एवढंच मला दिसत होतं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, शनीला तेल वाहिलं. मग परत येऊन ती पट्टी उचलून पुन्हा डब्यात टाकली आणि म्हणाल्या, “उंद्या मी येते हिच्या संगं नगरला. मंग काय ते ठरवू.”

दवाखान्यात मी सगळं सांगितलं, छाती, थरथर, घाम. आपल्यालाच आपला निकाल सांगावा लागतोय असं वाटत होतं. डॉक्टर लिहीत होते. त्यांनी आत्याबाईंकडे बघून विचारलं, “घरच्यांना काही वेगळं जाणवलं का? मध्येच बोलायची थांबते, डोळे एकटक लावते?”

“थांबती कशाची,” आत्याबाई म्हणाल्या. “अवो, पाढे लई पळवायला लागलीया. पयलं कसं सावकाश म्हनायची. आता बेचा सुरू झाला म्हनस्तोवर ही तिसाला पोचती. सतराला सुदीक दम खात न्हाई.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. न्हाणीची गोष्ट त्यांच्या लक्षात होती. त्यांनी माझी नाडी धरली, हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला. तो फडफडला.

“फिट आली तर पाढे थांबतील,” ते म्हणाले. “हे तर धावतायत. ताई, तुम्ही थायरॉईडची गोळी घेता का?”

“ती होय, ती तर रोजच घेते.”

ते कपाळाला हात लावून हसले, आणि मग सावकाश समजावून सांगू लागले. आपल्या यकृतात औषधं तोडून शरीराबाहेर घालवणारी एन्झाइम असतात. फिटची ती जुनी गोळी रोज पोटात गेली की यकृत ही एन्झाइम जास्त बनवायला लागतं. आणि ती काही एकाच गोळीपुरती काम करत नाहीत, वाटेत जे येईल तेही तोडतात. त्यामुळे माझी थायरॉईडची गोळीही अंगी लागण्याआधीच निम्मीशिम्मी संपत होती, म्हणून तिची मात्रा एवढी वाढवावी लागली होती. आता फिटची गोळी बंद झाली. तिच्यासाठी वाढलेली एन्झाइम एका दिवसात कमी होत नाहीत, काही आठवड्यांत हळूहळू पूर्वीच्या जागी येतात. यकृत शांत झालं. पण थायरॉईडची गोळी तेवढीच चालू राहिली, आणि आता ती सगळीच्या सगळी अंगात साठायला लागली. छाती, थरथर, घाम, राग, सगळं तिचं होतं. खात्रीसाठी त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

बाहेर बाकावर बसल्यावर आत्याबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हनले? आमच्या हॉटेलात शनिअमावास्येला जादा माणसं लावावी लागतात आणि त्यांच्या भाकऱ्या आत्याबाई थापतात. मी सांगायला सुरुवात केली, की लिव्हरमध्ये जादा माणसं लागली होती, ती सगळंच खाऊन टाकायची, गोळी बंद झाली तशी ती हळूहळू निघून गेली. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

“म्हंजी जेवनारी गेली अन् आपुन भाकरी तेवढ्याच थापत बसलो, व्हय ना?”

“हो.”

“मंग कमी थापा की! त्यात रडायचं काय हाय?”

दवाखान्यात रांगेत बसलेली माणसं वळून बघेपर्यंत मी हसले. कितीतरी दिवसांनी मला असं हसू आलं होतं, आणि त्यात डोळ्यांतून पाणीही येत होतं. माझा आजार परत आला नव्हता. तो माझ्या घरातून गेला होता, आणि मी त्याच्या वाटणीचं अजून शिजवत होते.

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. नेवाशाच्या आणि नगरच्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं आणि थायरॉईडची गोळी बरीच कमी झाली. नगरच्या दवाखान्यातून निघताना मी सहज विचारलं, त्या दिवशी फिटची गोळी पुन्हा घेतली असती तर? डॉक्टर म्हणाले, “हळूहळू थरथर थांबली असती. एन्झाइम पुन्हा वाढली असती ना. आणि मग तुम्हाला सगळ्यांना वाटलं असतं, बघा, आजारच होता.” घरी आल्यावर मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी लगेच तो डबा काढला, ती पट्टी खिशात घातली आणि औषधाच्या दुकानात नेऊन दिली. त्या दिवशी ह्यांनी एकही विनोद केला नाही, यावरून मला त्यांची भीती कळली.

पावसाळा संपेपर्यंत माझे हात स्थिर झाले. कप बशीत वाजेनासा झाला. पाढेही पुन्हा सावकाश चालायला लागले, आणि सतरा चोकला मी पूर्वीसारखी अडखळायला लागले, तेव्हा आत्याबाई बाहेरून म्हणाल्या, “आता बरी झाली गं बाय तू!”

वर्ष नीट गेलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आपणहून म्हणाले, “ताई, लावा कडी.” मी आनंदाने घरी आले, आणि पडदा बाजूला करताना माझ्या लक्षात आलं की ज्या गावात मी राहते तिथे कडी लावायला दारच नाही. आत्याबाईंना ते आधीच सुचलं होतं. “आपल्यात चालत न्हाई बाई कडी-बिडी,” त्या डोळे मिचकावत म्हणाल्या. “दिवाळीला म्हायेरी जा अन् लाव काय लावायची ती.”

दिवाळीला मी बेलापूरला गेले. आई आता थकली आहे, पण अंगण अजून स्वतःच झाडते. मी नव्या कडीचं बोलले, तर ती उठली आणि फळीवरून एक फडकं काढून आणलं. त्यात तीच कडी होती, चारी स्क्रूंसकट. इतक्या वर्षांत तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

“अगं, ही अजून आहे?”

“ठिवली हुती. दर दिवाळीला साफसफाई करताना तेल द्यायची जरासं,” आई म्हणाली. “म्हनलं, कवातरी लागंल.”

मला वाटत आलं होतं की कडीची आठवण या घरात फक्त मलाच आहे.

सकाळी तिनेच भोकांतला जुना साबण सुईने कोरून काढला आणि कडी बसवली. तिच्या हाताला जोर नव्हता, शेवटचा स्क्रू मी पिळला. मग मी आत गेले आणि कडी लावली. ती अजिबात कुरकुरली नाही. मी तोंड मिटून पाटावर बसले आणि गरम पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला. पाण्याचा आवाज इतका मोठा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. पाणी खांद्यावरून ओघळतं, पाटाखालून जातं, मोरीच्या तोंडाशी जरा घुटमळतं, हे सगळं ऐकू येत होतं. मी फार सुखात होते.

बाहेर खराट्याचा आवाज चालला होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो पुढे सरकत नाहीये. न्हाणीच्या दारासमोरची तेवढीच जागा आई पुन्हा पुन्हा झाडत होती. ती काही विचारत नव्हती. विचारायचं नाही, असं तिने ठरवलेलं असणार.

मग तोही आवाज थांबला. आणि दाराला अगदी लागून, हळू आवाजात, जणू काही स्वतःशीच, आई म्हणायला लागली.

“सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस... सतरा त्रिक एक्कावन्न... सतरा चोक...”

ती तिथे थांबली. तिला तो पाढा झोपेतही चुकायचा नाही.

“अडुसष्ट!” मी आतून ओरडले.

खराटा पुन्हा वाजायला लागला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे गेला.